घोड्याचं पोट वारंवार दुखतंय? औषधाआधी चंदी, चारा आणि पाणी तपासा

लक्षणं अशी असतात. घोडा चंदी (दाण्याचा खुराक) अर्धी सोडतो. पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे बघतो, वरचा ओठ उलटा करतो. बसतो, उठतो, पुन्हा बसतो. मूत्र करायच्या पवित्र्यात उभा राहतो, पण होत काही नाही. इंजेक्शन दिलं की दोन-तीन तासांत चारा मागायला लागतो, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तेच सुरू होतं.

दोन दुखण्यांच्या मधल्या काळातली लक्षणं जास्त बोलकी असतात, पण त्यांच्याकडे लक्ष जात नाही:

- लीदेच्या गोळ्या बारीक, कडक, वर चिकट पांढरट पापुद्रा
- लीदेत अख्खे दाणे किंवा बोटाच्या पेराएवढ्या लांब काड्या
- लीदेच्या आधी किंवा नंतर नुसतं पाणी पडणं
- तंग (खोगिराचा पट्टा) आवळताना चावायला येणं, सारख्या जांभया, गव्हाणीची कड चघळणं
- चारा चांगला खातो, पण चंदी बघून तोंड फिरवतो

इंजेक्शनने कळ थांबते, कारण जागेवरच राहतं. पुन्हा पुन्हा येणारी सौम्य पोटदुखी बहुतेक वेळा गव्हाणीत, तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीत) नाहीतर पाण्याच्या बादलीत सापडते. म्हणून खालच्या तपासण्या आधी फुकटच्या, मग थोड्या खर्चाच्या आणि शेवटी डॉक्टरांनीच करायच्या, अशा क्रमाने दिल्या आहेत. क्रम मोडू नका. पाणी न मोजता एंडोस्कोपीपर्यंत (नळीच्या कॅमेऱ्याने जठर बघण्यापर्यंत) पोहोचलेले घोडे कमी नाहीत.

आत्ता दुखत असेल तर बाकीचा लेख बाजूला ठेवा

चारा आणि चंदी काढून घ्या, पाणी राहू द्या. जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणारी धमनी बोटाने दाबून नाडी मोजा. शांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. हिरडी अंगठ्याने दाबून सोडा. पांढरा पडलेला डाग २ सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. दोन्ही कुशींना कान लावून एकेक मिनिट ऐका. निरोगी आतडं कधी पूर्ण गप्प नसतं.

यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, लगेच डॉक्टर बोलवा: नाडी ६० च्या वर, हिरड्या विटकरी, जांभळ्या किंवा पांढऱ्याफटक, आतड्याचा आवाज अजिबात नाही, घामाने भिजलेलं अंग, अंग टाकून लोळणं, पोट फुगणं, नाकातून हिरवट पाणी किंवा चारा येणं, वेदनाशामकाचा असर उतरताच पुन्हा कळ. शिंगरू किंवा गाभण घोडी असेल तर यातलं काही दिसायची वाटसुद्धा बघू नका.

घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत वायू किंवा पाणी साठलं तर ते बाहेर यायला वाट नसते, आणि जठर फुटू शकतं. डॉक्टर नाकातून नळी घालतात ती म्हणूनच. बाटलीने तोंडात तेल ओतणं हा यावरचा उपाय नाही. ते तेल फुप्फुसात जाऊन घोडा पोटदुखीऐवजी न्यूमोनियाने जाऊ शकतो. फिरवायचं असेल तर दहा-पंधरा मिनिटं, तेही त्याने अंग टाकू नये एवढ्यापुरतंच. रात्रभर फिरवून घोडा फक्त दमतो.

पहिली तपासणी: वजन आणि वही

पुढचा सगळा हिशोब वजनावर आहे, आणि वजनाचा डोळ्यांनी केलेला अंदाज बऱ्याचदा चुकतो. शिंप्याची टेप घ्या. खांद्यामागे तंग बसतो तिथून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे किलोमध्ये वजन. घेर १७२ आणि लांबी १६० असेल तर ३९८ किलो येतं. खाली सगळीकडे ४०० किलोचा घोडा धरला आहे; तुमच्या घोड्याच्या वजनाप्रमाणे आकडे बदलून घ्या. शिंगराला हे सूत्र लागू पडत नाही.

वहीत पोटदुखीची तारीख आणि वेळ लिहा. त्याआधीच्या चोवीस तासांत काय खाल्लं, किती वाजता, किती पाणी प्यायला, लीद किती वेळा पडली, काम किती झालं, तेही लिहा. निरोगी घोडा दिवसात साधारण ८ ते १२ वेळा लीद टाकतो. दोन-तीन प्रसंगांची नोंद झाली की वेळच कारणाकडे बोट दाखवते. चंदीनंतर काही तासांत फुगून दुखत असेल तर संशय चंदीवर. रिकाम्या पोटी कामाला काढल्यावर कुरकुर असेल तर जठरातल्या व्रणांवर. दोन दिवस लीद कमी कमी होत जाऊन मग दुखत असेल तर आतडं तुंबल्याचा संशय, आणि त्याचं कारण पाणी, दात किंवा वाळू.

पाणी

कोरड्या चाऱ्यावर असलेल्या, काम नसलेल्या घोड्याला दर १०० किलोमागे निदान ५ लिटर पाणी लागतं. म्हणजे आपल्या ४०० किलोच्या घोड्याला रोज २० लिटर. उन्हाळ्यात, कामावर किंवा दूध पाजणाऱ्या घोडीला याच्या दुप्पटही लागतं. मोठ्या आतड्यातला चारा ओला राहिला तरच पुढे सरकतो. पाणी कमी पडलं की शरीर तिथलंच पाणी शोषून घेतं, आणि आतडं जिथे वळून अरुंद होतं तिथे बोळा बसतो.

आपोआप भरणाऱ्या कुंडीत घोडा किती प्यायला ते कळत नाही. तीन दिवस ती बंद ठेवा आणि खुणा केलेल्या बादल्यांनी पाणी द्या. सकाळ-संध्याकाळ उरलेलं मोजा. घोडा तोंड लावतो आणि दचकून मागे सरतो, असं दिसलं तर कुंडीजवळच्या वायरिंगमधून करंट उतरतोय का ते इलेक्ट्रिशियनला तपासायला सांगा. बादलीला शेवाळ, औषधाचा वास किंवा लीद असेल तर काही घोडे तहानेने व्याकूळ होऊनही पीत नाहीत. थंडीत पाणी कोमट केलं की पिणं वाढतं.

मीठही इथेच तपासा. साधं मीठ दर १०० किलोमागे ५ ग्रॅम, म्हणजे रोज २० ग्रॅम, आणि घाम गाळणाऱ्याला त्याहून जास्त. मिठाचा दगड टांगला म्हणजे झालं असं धरू नका. काही घोडे तो चाटतच नाहीत. चंदीत मोजून टाकलेलं मीठ पोटात जातं हे नक्की. पण मीठ वाढवायचं ते पाणी चोवीस तास समोर असेल तरच.

चारा

लटकत्या काट्यावर एक दिवसाचा चारा तोला. पेंढ्या मोजून उपयोग नाही, एक पेंढी दुसरीच्या दीडपटही निघते. दिवसाला कोरडा भाग वजनाच्या १.५ ते २ टक्के हवा, म्हणजे ६ ते ८ किलो. वाळलेल्या गवतातही थोडा ओलावा असतोच, त्यामुळे काट्यावर ७ ते ९ किलो दिसायला हवेत. हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असतं, तो याच्या कितीतरी पट लागतो. वीस किलो हिरवा चारा दिला म्हणजे पोट भरलं, हा हिशोब तिथेच फसतो.

मोजून झालं की घड्याळ बघा. घोड्याचं जठर लहान, ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल दिवसरात्र पाझरत राहतं, समोर चारा असो वा नसो. आम्ल मारणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. एक किलो सुकं गवत संपवायला घोड्याला चाळीसएक मिनिटं आणि तीन हजारांवर चावे लागतात. एक किलो चंदी दहा मिनिटांत संपते. संध्याकाळी सहाला शेवटचा चारा आणि सकाळी सहाला पहिला, असं वेळापत्रक असेल तर मधले कितीतरी तास आम्ल जठराच्या उघड्या वरच्या भागाला खात बसतं.

उपाय स्वस्त आहे. तोच चारा चार-पाच वेळांत वाटा, मोठा हिस्सा रात्री द्या, आणि बारीक भोकांच्या जाळीत भरा म्हणजे जास्त वेळ पुरेल. चार तासांपेक्षा जास्त वेळ तोंड रिकामं राहू नये. कामाला काढण्याआधी अर्धा तास एक-दोन मुठी चारा टाका, लसूणघास असेल तर उत्तम. तिच्यातलं कॅल्शियम आम्ल शमवतं, आणि जठरात चाऱ्याची गादी असली की धावताना आम्ल वर उसळत नाही. पण लसूणघास एकूण चाऱ्याच्या पाव हिश्शावर नेऊ नका. नुसत्या लसूणघासावर ठेवलेल्या घोड्यांत आतड्यात खडे होण्याचं प्रमाण जास्त दिसतं.

चारा मुठीत घेऊन हुंगा आणि झटका. आंबूस वास, पांढरी धूळ किंवा काळे ठिपके असतील तर तो लॉट घोड्यासाठी बाद. भिजवून बुरशी जात नाही.

चंदी: सर्वात जास्त चुका इथेच

तबेल्यात चंदी डब्याने मोजतात, काट्याने नाही. दोन लिटरचा तोच डबा ओटने भरला तर साधारण एक किलो भरतो, मक्याने भरला तर दीड किलो. ओटमध्ये स्टार्च सुमारे ४० टक्के, मक्यात ६५ ते ७०. म्हणजे ओटच्या डब्यातून ४०० ग्रॅम स्टार्च गेला, आणि मक्याच्या त्याच डब्यातून एक किलो. मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) शपथेवर सांगेल की चंदी तेवढीच दिली. डब्याचा हिशोब खराही असतो, आणि पोटात मात्र अडीचपट गेलेलं असतं.

जपून राहायचं तर एका वेळी दर किलो वजनामागे १ ग्रॅम स्टार्च, ही मर्यादा धरा. ४०० किलोच्या घोड्याला एका खेपेला ४०० ग्रॅम स्टार्च, म्हणजे एक किलो ओट, सातशे ग्रॅम बार्ली किंवा सहाशे ग्रॅम मका. दुप्पट झालं की लहान आतड्याला ते पेलत नाही. न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात उतरतो, तिथले जंतू त्याचं भराभर लॅक्टिक आम्ल आणि वायू करतात, चारा पचवणारे जंतू मरतात. वायूने पोट फुगतं ते लगेच दिसतं. खुरांपर्यंत पोहोचणारा त्रास एक-दोन दिवसांनी उघडा पडतो: खूर गरम, पुढच्या पायांवरचा भार मागे टाकून उभं राहणं. पोटदुखीनंतर घोडा असा अवघडून चालायला लागला तर तो खूरदाह असू शकतो, आणि ते लगेच डॉक्टरांना दाखवायचं दुखणं आहे. त्या अवस्थेत नालबंदाला एकट्याने काही करू देऊ नका.

दाणा कोणता आणि कसा दिला याला वजनाइतकंच महत्त्व आहे. ओट अख्खे चालतात, दात धड असतील तर. बार्ली आणि मक्याचा कच्चा स्टार्च लहान आतड्यात नीट पचत नाही. ते शिजवून किंवा वाफवून पोहे केलेलेच द्या. नुसतं भरडणं तितकं कामाचं नाही.

दुरुस्ती अशी करा:

१. दिवसाची चंदी काट्यावर तोला, आणि वजन डब्यावरच रंगाने लिहून टाका. प्रत्येक दाण्याला वेगळा डबा.
२. एका वेळची चंदी मर्यादेपेक्षा जास्त असेल तर दिवसाची तेवढीच चंदी दोनऐवजी तीन-चार वेळांत वाटा. बऱ्याच घोड्यांचं दुखणं एवढ्यावरच थांबतं.
३. चंदीआधी अर्धा तास चारा. पोट थोडं भरलेलं असलं की घोडा अधाशासारखा तुटून पडत नाही. तरी गिळत असेल तर गव्हाणीत तोंडात मावणार नाहीत असे दोन-तीन गुळगुळीत मोठे दगड ठेवा. दगडांभोवतीचा दाणा टिपून खायला वेळ लागतो.
४. काम जास्त म्हणून ऊर्जा हवीच असेल तर दाणा कमी करून खायचं तेल द्या. ४०० मिलीच्या आसपास तेल एक किलो ओटची ऊर्जा देतं आणि त्यात स्टार्च शून्य. सुरुवात ३० मिलीने, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, आणि दर १०० किलोला १०० मिलीच्या पुढे जाऊ नका. लीद तेलकट किंवा सैल झाली तर मागे या.
५. कामाच्या सुट्टीच्या दिवशी चंदी निम्म्यावर आणा, चारा तेवढाच ठेवा.

आठवड्यातून एकदा गव्हाच्या कोंड्याची लापशी देऊन 'पोट साफ' करायची जुनी सवय आहे, ती सोडा. सहा दिवस जे आतड्याने बघितलं नाही ते सातव्या दिवशी टाकणं म्हणजे आहारात अचानक केलेला बदलच. आणि रोज भरपूर कोंडा दिला तर दुसरंच दुखणं उभं राहतं. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटीच्या घरात असतो, घोड्याला मात्र फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम हवं असतं. ते कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढून काढतं. लंगडणं सुरू होतं, जबडा आणि चेहऱ्याची हाडं सुजल्यासारखी दिसू लागतात.

गुरांचं किंवा कोंबड्यांचं खाद्य घोड्याच्या तोबऱ्यात चुकूनही पडू देऊ नका. त्यात मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असू शकतात. गुरांना चालणारी त्यांची मात्रा घोड्याचं हृदय निकामी करते. असं खाद्य खाल्ल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न बघता फोन करा.

काय बदललं?

वही पुन्हा उघडा. दुखण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत नवा चारा, नवी चंदी, चरायला नवं कुरण, किंवा दिवसभर मोकळा असलेला घोडा अचानक तबेल्यात बांधणं, यातलं काही झालं का? चंदीचा बदल सगळ्यांच्या लक्षात राहतो, गवताचा नाही. मोठ्या आतड्यातले जंतू नव्या चाऱ्याला सरावायला वेळ घेतात. म्हणून जुना चारा संपायच्या दोन आठवडे आधी नवा आणून ठेवा. पहिले तीन-चार दिवस चौथा हिस्सा नवा, मग निम्मा, मग पाऊण. संपल्यावर आणायला धावणाऱ्या तबेल्यात पोटदुखी चाऱ्याच्या गाडीमागोमाग येते.

वाळू

जमिनीवर चारा टाकत असाल आणि जमीन रेताड असेल तर ही तपासणी चुकवू नका. ताज्या लीदेच्या ढिगातून जमिनीला न टेकलेल्या पाच-सहा गोळ्या पारदर्शक पिशवीत किंवा बरणीत घ्या, लिटरभर पाणी ओता, कुस्करून ढवळा आणि अर्धा तास हलवू नका. चारा तरंगतो किंवा मध्ये राहतो, वाळू तळाला बसते. बाहेरून बोटांनी चिमटून बघा, करकर लागते. चमचाभर किंवा त्याहून जास्त वाळू दिसली तर पोटात ती साठत असल्याचं धरून चाला. तीन वेगवेगळ्या दिवशी तपासा, कारण साठलेली वाळू रोज बाहेर पडतेच असं नाही. एकदा काही दिसलं नाही म्हणजे पोट स्वच्छ, असं होत नाही.

चारा गव्हाणीत किंवा रबरी चटईवर द्या. इसबगोलाचा भुसा दर किलो वजनामागे १ ग्रॅमपर्यंत, सलग सात दिवस, महिन्यातून एकदा देण्याची पद्धत आहे. चंदीवर टाकून लगेच खाऊ घाला. भिजून चिकट झाला की घोडा तोंड लावत नाही. रोज बारा महिने देऊन फायदा नाही, आतड्यातले जंतू तोच भुसा पचवायला शिकतात. तळाला भरपूर वाळू आणि सोबत पोटदुखी असेल तर इसबगोलावर वेळ घालवू नका. तेव्हा डॉक्टर नळीतून औषध देतात, आणि ते जास्त काम करतं.

दात आणि जंत

गव्हाणीखाली चघळून टाकलेल्या ओलसर गवताच्या लडी पडलेल्या दिसल्या की दाढांच्या कडा धारदार झाल्यात असं समजा. न चावलेल्या लांब काड्या आतड्यात बोळा करतात, आणि अशा घोड्याला कितीही चांगला चारा दिला तरी दुखणं थांबत नाही. तोंडात हात घालून बघायचं धाडस करू नका. जबडा उघडा ठेवणारं उपकरण आणि गुंगीचं औषध लागतं. वर्षातून एकदा दात डॉक्टरांना दाखवा, म्हाताऱ्या घोड्याचे दोनदा.

जंतांसाठी आधी लीदेतली अंडी मोजून घ्या, मग औषध. दर दोन महिन्यांनी डोळे मिटून जंतनाशक पेस्ट दिली की जंतच औषधाला सरावतात. यात एक खाच आहे. फीतकृमी नेहमीच्या अंडी-मोजणीत बहुतेकदा दिसत नाही, आणि आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाने मरत नाही. लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथेच तो चिकटतो आणि वारंवार कळ आणतो. तीन वर्षं वेळेवर पेस्ट देऊनही दुखणं चालू असेल तर पेस्टमध्ये प्राझिक्वांटेल (फीतकृमी मारणारं औषध) आहे का ते वाचा. पोट सुटलेल्या, जंतांनी भरलेल्या शिंगराला मात्र स्वतः औषध देऊ नका. एकदम मेलेले गोलकृमी आतड्यात गुंतून वाट बंद करतात.

इथून पुढे डॉक्टरांचं काम

वरचं सगळं सुधारून चार आठवडे झाले आणि तरी पोट दुखलं, तर घरची तपासणी थांबवा. वजन उतरतंय, ताप येतोय किंवा दोन दुखण्यांमधलं अंतर कमी होतंय, तर चार आठवडेही थांबू नका. वेदनाशामकांचे डोस आपल्या मनाने वाढवू नका. फेनिलब्युटाझोनसारख्या औषधांनीच जठरात आणि मोठ्या आतड्यात व्रण होतात, आणि मग दुखणं औषधाचं की मूळचं हे कोणालाच सांगता येत नाही.

डॉक्टर जठराची एंडोस्कोपी, पोटाची सोनोग्राफी, रक्त आणि गुदमार्गातून तपासणी यातलं काय आधी ते ठरवतील. एंडोस्कोपीसाठी बरेच तास उपाशी ठेवावं लागतं. ते तास त्यांनाच विचारा, आदल्या दिवशी सकाळपासून उपास धरू नका. बोलावताना हाताशी ठेवा: टेपने काढलेलं वजन, चंदी आणि चाऱ्याचे काट्यावरचे आकडे, दिवसाचं पाणी, दुखण्याच्या तारखा आणि वेळा, शेवटच्या जंताच्या औषधाचं नाव, दिलेली वेदनाशामकं आणि त्यांच्या वेळा. आणि त्या दिवशीची लीद फेकू नका, झाकून ठेवा.